सड्यावरची गवर

तेरड्याच्या जुड्या मंडईत दिसायला लागल्या, की माझा उजवा अंगठा शिवशिवायला लागतो. यंदाही तेच झालं. गौरी आणायच्या आदल्या दिवशी गेले होते. भुरभुर पाऊस चालू होता आणि रस्त्याच्या कडेला पोत्यावर तेरडा मांडून एक मावशी बसल्या होत्या. मी जुडी उचलली आणि पिशवीत टाकायची सोडून देठावरून अंगठा पार खालपर्यंत नेला. मग दुसरी उचलली. मावशी बघत होत्या.

"घ्यायची तर घ्या की बाई. चाचपून काय बघताय? वांगी न्हाईत ती!"

मी ओशाळून दोन जुड्या घेतल्या. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाईला मंडईत पाठवू नये, असं आमच्या घरात सगळ्यांचं मत आहे आणि ते अगदीच चुकीचं नाही. पण ही अंगठ्याची खोड मूळची माझी नव्हे. ती साबळे मॅडमची. त्यांनाही ती जन्मतः नव्हती. एका भाद्रपदात लागली, तेव्हा मी त्यांच्या शेजारी भिजत उभी होते.

साबळे मॅडम माझ्या गाइड. झाड ओळखायचं, त्याचं कूळ शोधायचं आणि त्याला त्याच्या माणसांत नेऊन बसवायचं, हे त्यांचं काम. त्यातही त्यांचा जीव शेवंतीच्या कुळावर. भलं मोठं खटलं आहे ते. झेंडू त्यातला, सूर्यफूल त्यातलं, करडई त्यातली, बांधावरची एकदांडी त्यातली, आणि सगळ्या रानाला ताप देणारं गाजर गवतही त्यातलंच. "चांगल्या घरात एखादा वाया गेलेला निघतोच," मॅडम म्हणायच्या. ह्या कुळाची गंमत अशी, की आपण ज्याला एक फूल म्हणतो ते एक नसतंच. भिंगाखाली धरलं की दिसतं, बारकी बारकी कितीतरी फुलं एकाच ताटात दाटीवाटीनं जेवायला बसली आहेत. पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा मी भिंग खाली ठेवायलाच तयार नव्हते. मागची मुलं ओरडायला लागली, तेव्हा मॅडमनी त्यांनाच गप्प केलं.

आमच्या विभागात पावसाळाभर एकच वास असायचा, ओल्या वर्तमानपत्रांचा आणि डांबराच्या गोळ्यांचा. आणलेल्या फांद्या कागदात दाबून वाळवायच्या आणि कागद रोजच्या रोज बदलायचे, नाहीतर बुरशी आलीच. ते काम माझ्याकडे होतं. गुळाच्या सौद्याच्या बातम्यांवर कुठल्यातरी डोंगरावरची फुलं पसरलेली असायची आणि मी दोन्ही वाचत बसायची. कागद बदलताना मॅडम गाणं गुणगुणायच्या, पण कुणी आत आलं की लगेच खोकायच्या.

आज माझ्या विद्यार्थ्यांना मोबाइलवर फोटो काढला की झाडाचं नाव मिळतं. कधी बरोबर, कधी भलतंच. मी हसते आणि त्यांना तो वास कसा सांगावा, हे मला कळत नाही.

तर ते झुडूप. आम्हाला ते मार्गशीर्षात सापडलं होतं, चंदगडच्या बाजूला, एका गावाच्या डोक्यावरच्या सड्यावर. सडा म्हणजे डोंगराचा सपाट माथा, काळ्या-तांबड्या कातळाचा. पावसाळ्यात त्याचं तळं होतं, हिवाळ्यात गवताचा समुद्र. कोल्हापूरहून पहाटेची एसटी धरायची. ती गडहिंग्लज, नेसरी करत, प्रत्येक फाट्यावर थांबत, काजूच्या बागांमधून चढत जायची. नेसरीला चहा व्हायचाच. त्यानंतर गावापर्यंत पायपीट आणि मग चढ. पोटरीभर वाळक्या गवतात मॅडम अचानक थांबल्या आणि मला म्हणाल्या, "हलू नकोस." मला वाटलं, साप. बघते तर गवतातून वर आलेले जांभळे गुच्छ. पानं वरून हिरवी आणि खालून पांढरी, लोकरीच्या अस्तराची. काही गुच्छ पिकून त्यांच्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. त्या केसाळ बिया वाऱ्यावर निघाल्या होत्या आणि मॅडम पदर पसरून त्या धरायला धावत होत्या. पन्नाशी कधीच ओलांडलेली बाई, पायात कॅनव्हासचे बूट. तेवढं धावताना मी त्यांना पुन्हा कधी पाहिलं नाही.

पुस्तकात ह्याच्या जवळचं एक झुडूप होतं. डोंगरमाथ्यावरचं, दुर्मिळ, आपल्या भागात कितीतरी वर्षांत कुणाला न दिसलेलं. पण ते माणसाच्या उंचीचं, एका खोडाचं, तळहाताएवढ्या पानांचं. आमचं गुडघाभर, जमिनीतूनच फांद्यांचा झुबका फुटलेलं, पानं बोटाएवढी, गुच्छही छोटे. रात्री गंगाक्काच्या सोप्यात बसून मॅडमनी चारचारदा मापं घेतली. गंगाक्का म्हणजे त्या गावातली आमची यजमानीण. ओळख ना पाळख, पहिल्याच दिवशी "पावणं, उंबऱ्यात का हुबं? आत या की" म्हणून तिनं घरात घेतलं होतं. मॅडमनी तिला फांदी दाखवली.

"ह्याला काय म्हणता हो तुम्ही?"

"ते व्हय? गवरीचं झाड."

आम्ही ते नाव टिपून घेतलं, छान आहे म्हणालो आणि पुढच्या मापाकडे वळलो. गावाकडं झाडांना देवाधर्माची नावं असतातच. का म्हणतात, हे विचारायचं आमच्या मनातसुद्धा आलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

परतीच्या एसटीत मॅडम खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आयुष्यभर दुसऱ्यांनी ठेवलेली नावं पाठ केली गं मी. एक तरी बारसं माझ्या हातून व्हावं." मॅडमनी लग्न केलेलं नव्हतं. त्या स्वतःबद्दल कधी बोलत नसत. पुढच्या फाट्यावर त्या म्हणाल्या, "नाव ठरलंय. पण आत्ता सांगणार नाही. बारशाआधी नाव फोडू नये."

मी खूप गळ घातली. दाद लागली नाही.

नव्या जातीचं वर्णन छापायचं तर झाड सगळ्या अवस्थांत बघावं लागतं. फुलं पाहिली होती, बिया पाहिल्या होत्या. भर पावसातली पालवी तेवढी राहिली होती. मॅडम त्या वर्षी निवृत्त होणार होत्या. लेख टाइप होऊन तयार होता, चित्रं काढून झाली होती. एवढ्याशासाठी पावसात चंदगडला जायची काही गरज नाही, असं विभागात सगळे म्हणत होते. मॅडम म्हणाल्या, "मूल न बघता कुणी बारसं करतं का?" आणि आम्ही गौरीच्या दिवसांत जाऊन थडकलो.

तो भाद्रपद मला अजून अंगावर जाणवतो. चंदगडचा पाऊस कोल्हापूरच्या पावसासारखा येऊन जात नाही. तो राहायलाच आलेला असतो. घरात चुलीचा धूर, ओल्या घोंगड्याचा वास, शेपूची भाजी आणि भाकरी. गंगाक्काच्या तिन्ही लेकी माहेरी आलेल्या, सगळ्या एकदम बोलणाऱ्या आणि एकमेकींचं न ऐकणाऱ्या. दुपारी पाऊस जरा थांबला तशी गंगाक्का कमरेला विळा खोचून उठली.

"येताय व्हय सड्यावर? गवर आनाय चाललोय."

आम्हाला जायचंच होतं. गावातल्या बायका पुढे, डोक्यावर प्लास्टिकच्या खोळी, तोंडी गाणी, आणि मागे आम्ही दोघी धापा टाकत. वर धुकं इतकं, की पुढच्या बाईची नुसती खोळ दिसे. सोनकीनं सडा पिवळा झाला होता, पण त्याकडं कुणी बघेना. बायका सरळ चालत गेल्या, वाकल्या आणि विळे चालू झाले. खस्, खस्. गंगाक्का एक झुबका हातात घेऊन आली आणि तिनं पान उलटं करून आम्हाला दाखवलं.

"बघा, किती गोरी हाय! खालची बाजू वर करून बांधायची, मग गवरीचं त्वांड कसं उजळतंय. तुमच्याकडं तेरडा आनत्यात न्हवं? आमच्यात हीच. आमच्या आव्वाच्या आव्वापास्नं."

मॅडम कापलेल्या झुडपापाशी ओल्या कातळावर बसल्या. हिवाळ्यात आम्ही आलो, तेव्हा बुंधे गवतात बुडालेले होते आणि आम्ही वरच्या फुललेल्या फांद्या कात्रीनं घेऊन गेलो होतो. आता गवत कोवळं होतं आणि सगळं उघडं पडलं होतं. मॅडमनी अंगठा खोडावरून खाली नेला. एक गाठ. तिच्याखाली आणखी एक. त्याखाली जुन्या कापांचा हाताच्या पंजाएवढा गड्डा. वर्षानुवर्षं भाद्रपदात कापलेलं, त्यातूनच पुन्हा पुन्हा फुटलेलं झाड. ते बुटकं नव्हतंच. त्याला कुणी उंच होऊ दिलं नव्हतं. घाईघाईनं फुटलेल्या फांदीला पानं लहान येणार आणि फुलंही लहान येणार.

मग त्या उठून कड्याकडे चालायला लागल्या. मी घाबरून मागे धावले. धुकं क्षणभर विरलं आणि खाली, जिथं कुणाचा विळा पोचणार नाही अशा कपारीत, एक झुडूप दिसलं. माणसाएवढं, एका खोडाचं. वाऱ्यानं पान उलटलं, की खालचं पांढरं अस्तर लखकन दिसे. पुस्तकातलं जसंच्या तसं.

"झालं," मॅडम म्हणाल्या.

मला रडू आलं. खरं सांगते, त्यांच्यासाठीच आलं. त्या मात्र खाली आल्या, गौरीपुढं हात जोडले, वडीभाकरी पोटभर जेवल्या, आणि फुगडीसुद्धा घातली, गुडघे दुखत असताना. दुसऱ्या दिवशी नेसरीच्या थांब्यावर चहाचा पेला हातात धरून त्या एकाएकी हसायला लागल्या. "बारशाला निघालो गं आपण, आणि पोरीचं नाव आधीच शाळेच्या दाखल्यावर!" हसता हसता त्यांनी चष्मा काढला आणि पदरानं पुसला. मी दुसरीकडे बघितलं.

कोल्हापुरात आल्यावर विभागातल्या एका सरांनी तोडगा सुचवला. नवी जात नाही तर नाही, निदान उपजात म्हणून छापून टाका, मॅडम. सड्यावर कोण बघायला जातंय? तोडगा अगदीच बेकायदा नव्हता, असे प्रकार होत असतात. दगडापेक्षा वीट मऊ. मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आईनं दरसाल पोरीचे केस कापले, म्हणून पोरगी दुसऱ्याची होत नाही, सर." लेख कपाटात गेला. वाळवलेल्या फांदीच्या कागदावर त्यांच्याच अक्षरात 'नवी जात?' असं लिहिलेलं होतं. आमच्या धंद्यात जुनी चिठ्ठी फाडत नाहीत, खोडतही नाहीत. चूक होती तशी ठेवायची आणि शेजारी बरोबर नावाची चिठ्ठी चिकटवायची. मॅडमनी डिंक लावला, चिठ्ठी चिकटवली आणि फुंकर घातली. मी अजून विद्यार्थ्यांना तो कागद दाखवते. सड्यावरच्या त्या दिवसापासून मात्र त्यांच्या हाताला सवय जडली. कुठलंही झाड हातात आलं, की आधी अंगठा खोडावरून खालपर्यंत. आमच्याकडूनही त्यांनी ती गिरवून घेतली.

इथं गोष्ट संपली असती, तर बरं झालं असतं. पण मॅडमना दुसरीच चिंता लागली. नवी नसेना, दुर्मिळ तर होतीच. आणि सड्यावर एकही कोवळं रोप नव्हतं. सगळी झुडपं म्हातारी. भाद्रपदात कापलं की फुलायला दम उरत नाही, जे फुलतं त्याच्या निम्म्याहून जास्त बिया फोल. मार्गशीर्षात आम्ही गुच्छांना मलमलीच्या पिशव्या बांधल्या आणि म्हाताऱ्या गोळा केल्या. विभागाच्या मागच्या अंगणात दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत माती भरून त्या पेरल्या. निवृत्त झालेल्या मॅडम रोज सकाळी पाणी घालायला यायच्या. शिपाई म्हणायचा, मॅडम पेन्शनीत गेल्यात का बदलीवर आल्यात तेच कळंना.

कुणी म्हणालं, सड्याला कुंपण घाला आणि बायकांना बंदी करा. मॅडम त्याच्यावर अशा डाफरल्या, की पुन्हा कुंपणाचं नाव निघालं नाही. त्यांची युक्ती साधी होती. प्रत्येक घराच्या दारात एक रोप द्यायचं. बायकांनी दारातलीच गवर तोडावी, सड्यावरची सुखानं वाढेल. पुढच्या गौरीच्या दिवसांत आम्ही रोपं घेऊन, एसटीत सगळ्यांच्या शिव्या खात, गावात पोचलो. गंगाक्कानं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

"आवो बाई, गवर म्हंजी माहेरवाशीण! ती लांबनं चालत याला पायजे. दारातलीच पोरगी दारातनं आत आली, तर तिला माहेराला आली म्हनायचं व्हय?"

गंगाक्काच्या लेकींची हसून मुरकुंडी वळली. मग मॅडमनी हळूच विचारलं, "पाणवठ्यावर लावली तर?" गंगाक्का विचारात पडली. पाणवठा गावाबाहेर, शिवारातून चालत जायचं, गवरीच्या कळशीतलं पाणी तिथलंच. तिनं शेजारणीला हाक मारली, शेजारणीनं जावेला, आणि ओढ्याकाठी बायकांची चांगली खडाजंगी झाली. दोघीतिघी रुसल्या. शेवटी गंगाक्का म्हणाली, "चालंल. पर रोपं आमी लावनार. तुमी नुसतं बघा."

आम्ही नुसतं बघितलं.

ह्या सगळ्याला आता बराच काळ लोटला. मधली काही वर्षं मी गेलेच नाही. यंदा मात्र तेरड्यानं अंगठा असा काही शिवशिवला, की दुसऱ्या दिवशी गाडी काढली. रस्ते गुळगुळीत झालेत, नेसरीचा चहा कागदी कपात मिळतो, पाऊस तोच. गंगाक्का काठी टेकत बाहेर आली आणि माझ्याकडे डोळे बारीक करून बघत म्हणाली, "वाळलीस की गं. आनि तुमच्या बाई?" मी सांगितलं, मॅडमच्या गुडघ्यांनी दगा दिलाय, आणि अलीकडं आठवणीनंही.

सड्यावर मी एकटी गेले. धुक्यात उभी झाडं बघून आधी वाटलं, बायकाच आहेत. माझ्या डोक्याच्या वर गेलेली, एकेका खोडाची, आणि खाली कातळाच्या फटीत कोवळी रोपं. मी मूर्खासारखी मोठ्यानं हसले आणि मग तिथंच बसून रडले. ऐकायला कुणी नव्हतं. परत येताना पाणवठ्यावर थांबले. तिथली झुडपं गुडघाभर, झुबक्याची, दरवर्षी कापलेली. पोरीबाळी गाणी म्हणत विळे चालवत होत्या. मी एक फांदी घेतली, खालच्या गाठीसकट, जशी मॅडमनी शिकवली तशी. गंगाक्कानं नारळ, तांदूळ आणि हिरवा खण बांधून दिला. "बाईस्नी वटी भरल्याली सांग."

दुसऱ्या दिवशी मी मॅडमकडे गेले. भाचीच्या घरी असतात त्या. खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. आधी मला त्यांनी दुसऱ्याच कुठल्या विद्यार्थिनीच्या नावानं हाक मारली आणि तिच्या मुलांची चौकशी केली. मी मुलं छान आहेत म्हणून सांगितलं. मग पिशवीतून फांदी काढली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली.

त्या एकदम सरळ बसल्या. पान उलटं केलं, पांढऱ्या अस्तरावरून बोट फिरवलं. भाचीला म्हणाल्या, माझं भिंग कुठं आहे? भिंग डोळ्याशी धरून त्या किती वेळ बघत राहिल्या. आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की मला गवतातून पदर पसरून धावणाऱ्या मॅडम दिसल्या.

"ही वेगळी आहे," त्या कुजबुजल्या. "पुस्तकातली नाही ही. पान बघ, केवढंसं! नवी आहे गं. नवी आहे." त्यांनी माझा हात धरला. "मी नाव ठरवलंय हिचं. सांगू तुला?"

नुसतं हो म्हणायचं होतं. ते नाव मला कळलं असतं, आणि मॅडमना त्यांचं बारसं मिळालं असतं. कुणाचं काय जाणार होतं? माझ्या ओठांवर 'हो' आलंही होतं.

पण मॅडमचा अंगठा तेवढ्यात निघाला होता. त्यांच्या नकळतच, देठावरून, फांदीवरून, सावकाश खाली. गाठीपाशी येऊन तो थांबला. मागे गेला, पुन्हा आला. त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"नाही गं," त्या म्हणाल्या आणि ती फांदी त्यांनी मांडीवर नीट आडवी निजवली. "नवी नाही. हिला कुणीतरी दरवर्षी माहेरी नेतंय."